समाजमंदिर राहू द्या, ग्रामीण रुग्णालयातला एक वार मागा

भिवापूर तालुक्यातल्या एका सरपंचताईंनी विचारलंय: "आमच्या आणि शेजारच्या दोन गावांत मिळून सात-आठ पोट्टे दुखण्याच्या गोळ्यांच्या नादी लागलेत. दोघं-तिघं इंजेक्शनही टोचून घेतात. त्यातल्या दोघांना नागपूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर ठेवलं. सुटून आले आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आमचं समाजमंदिर रिकामं पडलंय. तिथं गावानंच व्यसनमुक्ती केंद्र काढलं तर? परवानगी कुठून घ्यायची?"

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. केंद्र काढू नका. तुमच्या पोरांना खाटा नको आहेत. त्यांना घरापासून तासाभराच्या आत एक ठरलेला डॉक्टर, एक ठरलेलं औषध आणि आठवड्यातला एक ठरलेला वार हवा आहे. तेवढं मिळालं तर समाजमंदिरात लग्नं लावा, भजनं करा, काही हरकत नाही.

मी नागपुरात मानसोपचार करतो त्याला बावीस वर्षं झाली. सुरुवातीची दहाएक वर्षं मीही असंच धरून चालायचो की पेशंट परत येत नाही म्हणजे त्याला सोडायचंच नाही. फाइलवर 'इच्छाशक्ती कमी' असा शेरा मारून मोकळा व्हायचो. एक दिवस नरखेडकडच्या एका पोराच्या आईनं माझ्यासमोर बटवा उलटा केला. एसटीचं तिचं तिकीट, पोराचं तिकीट, वर ऑटो, चहा, आणि दोघांची बुडालेली मजुरी. औषध फुकट होतं, तरी एका खेपेला घरातली तीन दिवसांची भाजी जात होती. "दर तिसऱ्या दिवशी या मनता साहेब, मंग आमी खावाव काय?" तेव्हापासून तो शेरा मी लिहीत नाही. किती किलोमीटरवरून आला ते लिहितो.

आता त्या गोळ्यांचं बघू. कारण रोग कोणता हे नीट कळल्याशिवाय गावात काय हवं ते कळत नाही.

तुमच्याच बाजूचा एक माणूस माझ्याकडे आला होता. वय सव्वीस, कळमन्याच्या बाजारात पोती उचलायचा. कंबर धरली म्हणून गावाकडच्या एका 'डॉक्टर'नं (पदवी कसली ते मी विचारलं नाही, उत्तर ठाऊक होतं) ट्रामाडॉलच्या कॅप्सुला दिल्या. दुखणं थांबलंच, वर अंगात हुरूप आला. दोनच्या चार झाल्या, चारच्या दहा. नागपुरात मेडिकल म्हटलं की दोन अर्थ होतात, एक मोठा सरकारी दवाखाना आणि एक औषधाचं दुकान. हा गडी पहिल्या मेडिकलात कधी गेला नाही, दुसऱ्यात रोज जात राहिला. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा दिवसाला पंचवीस कॅप्सुला घेत होता. आणि आला तोसुद्धा व्यसन सोडवायला नाही, फिट आली म्हणून. घरच्यांना वाटलं मिरगी. कांदा हुंगवून झाला, चप्पल हुंगवून झाली. ट्रामाडॉल जास्त झालं की झटके येतात, हे गावात कुणी सांगितलेलं नसतं. तुमच्या सात-आठ जणांत कुणाला अलीकडे 'मिरगी' सुरू झाली असेल तर आधी त्याचे खिसे तपासा.

ट्रामाडॉल, पेंटाझोसिनचं इंजेक्शन, खोकल्याच्या औषधातलं कोडीन, गर्द आणि अफू ही सगळी एकाच खानदानातली. मेंदूत त्यांची बसायची जागा एकच. सवय झाली की ती जागा रिकामी राहिली तर माणूस तडफडतो. दारूची जागा ही नाही. गांजाची नाही. सध्या नागपूरच्या पेपरात रोज दिसणाऱ्या एमडीचीही (मेफेड्रोन नावाच्या नशेच्या पावडरीची) नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच खासगी केंद्रांत सगळ्यांना एकाच हॉलमध्ये, एकाच पद्धतीनं ठेवतात. सकाळी प्रार्थना, दुपारी भाषण, रात्री कुलूप. दारूवाल्यांपैकी काहींना त्याचा फायदा होतो, नाकारत नाही. पण या खानदानातल्या नशेला औषधाशिवाय नुसतं कोंडून ठेवणं धोक्याचं आहे.

धोका कसा, ते सांगतो. महिनाभर गोळी बंद राहिली की शरीराची सहन करायची ताकद ओसरते. पोरगा घरी येतो आणि जुन्याच मापानं घेतो. पंचवीसची सवय असलेल्या शरीराला आता पाचही जड जातात. श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात, घरच्यांना वाटतं दमून झोपलाय. केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत वाईट. तुमचे दोघं पंधरा दिवसांत पुन्हा सुरू झाले याचं तुम्हाला दुःख आहे. ते जिवंत आहेत, मला आधी त्याचं बरं वाटलं. उतारा म्हणून नालोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आहे का, एवढं उद्याच विचारून घ्या.

त्या हमालाला मी सांगितलं, रात्रीनंतर एकही कॅप्सूल घेऊ नको आणि सकाळी ये. सकाळी आला तो बघण्यासारखा नव्हता. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, आणि मे महिन्याच्या नागपुरी उन्हात दोन्ही हातांवर काटा, पिसं काढलेल्या कोंबडीसारखा. "साहेब, जीव चाल्ला माहा, कायतरी द्या ना." औषध द्यायची हीच वेळ. ब्युप्रेनॉर्फिन, दोन मिलिग्रॅमची एक गोळी, जिभेखाली. गिळायची नाही, पाणी प्यायचं नाही, बोलायचं नाही, पाच-दहा मिनिटं गप्प बसायचं. घाई करून ती आधीच दिली, म्हणजे अंगात ट्रामाडॉल असताना, तर उलटी गत होते. ती जुन्या औषधाला जागेवरून ढकलून देते आणि माणूस आहे त्याहून जास्त तडफडतो. म्हणून पहिला डोस जाणत्या माणसासमोर. चाळीस-पन्नास मिनिटांनी मी पुन्हा त्याच्याजवळ गेलो तर हातावरचा काटा बसला होता. त्यानं विचारलं, "चहा भेटन का?"

हे औषध नवं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्याकडे सुईनं नशा करणाऱ्यांना राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून ते मोफत मिळतं, त्यालाही दीड दशकाहून जास्त काळ झाला. मेंदूतली तीच जागा ते धरून ठेवतं, पण अर्ध्या जोरानं. एका मर्यादेपुढे कितीही घेतलं तरी परिणाम वाढत नाही, त्यामुळे श्वास थांबायचा धोकाही खूप कमी. तडफड नाही, झिंगही नाही. माणूस कामाला जातो.

गावात यावर पहिला आक्षेप ठरलेला: एक नशा सोडवून दुसरी लावली. मागं एका ग्रामसभेत एक आजोबा मला सरळ म्हणाले, "हे तं चोराले चौकीदार केल्यावानी झालं." आजोबांची उपमा मला आवडली, कारण कधीकधी चोर चांगला चौकीदार होतो. मी त्यांना एवढंच विचारलं की पोरगा सकाळी उठून ट्रॅक्टर चालवतो, पैसे घरी देतो, चोरी करत नाही, सुई टोचत नाही, आणि रोज एक गोळी जिभेखाली ठेवतो. त्याला तुम्ही व्यसनी म्हणाल का? ते काही बोलले नाहीत. पटलं असं नाही, पण त्यांचा नातू पुढच्या महिन्यात आला.

गोळी किती दिवस? इथं लोकांची निराशा होते. एकवीस दिवस नाही, तीन महिने नाही. वर्षभर तरी, बहुतेकांना त्याहून जास्त. आणि दूरचा दवाखाना नेमका इथंच हरतो. महिनाभरासाठी माणूस नागपूरला नातेवाइकाकडे राहील. वर्षभर कोण राहील?

जिथं हे औषध लोकांच्या दारापर्यंत नेलं, तिथं काय झालं ते बघा. फ्रान्सनं १९९६ च्या सुमारास साध्या गल्लीतल्या डॉक्टरांना ते लिहू दिलं. पुढच्या तीन-चार वर्षांत नशेच्या अतिसेवनानं होणारे मृत्यू जवळजवळ चार-पंचमांशानं घटले. अमेरिकेत ते लिहायला डॉक्टरला खास परवाना लागायचा, आणि खेड्यापाड्यांत परवानेवाले डॉक्टरच सापडेनात. २०२२ च्या अखेरीस कायदा करून ती अट काढली. पण एवढ्या लांब जायला नको. पंजाबनं २०१७ मध्ये बाह्यरुग्ण केंद्रं सुरू केली. दाखल व्हायचं नाही, यायचं, गोळी घ्यायची, कामावर जायचं. २०२० च्या टाळेबंदीत रोज येणं अशक्य झालं तेव्हा पेशंटना एकदम काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला दिल्या. लोक घाबरले होते की बाजारात काळाबाजार होईल. थोडा होतो, खोटं बोलणार नाही. पण उपचार मोडला नाही, हे त्यातून दिसलं.

मग विदर्भातल्या खेड्यात ते का मिळत नाही? 'हा पंजाबचा प्रश्न, आपला नाही' ही समजूत एक कारण. केंद्र सरकारचा देशव्यापी सर्वेक्षण अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात १० ते ७५ वयोगटातले सुमारे २.१ टक्के लोक या प्रकारची नशा करणारे निघाले, आणि उपचारांची गरज असलेल्यांची संख्या ज्या राज्यांत मोठी, त्यात महाराष्ट्र होता. दुसरं कारण कायद्याचं. ब्युप्रेनॉर्फिन अमली पदार्थ कायद्याखाली येतं. व्यसनाच्या उपचारासाठीची गोळी औषधाच्या दुकानात मिळत नाही, ती फक्त व्यसनोपचाराची सोय असलेल्या दवाखान्यांना आणि केंद्रांना पुरवायची अशी अट आहे. आता गंमत बघा. ज्यानं पोरगा बिघडला ती ट्रामाडॉल चौकातल्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, आणि ज्यानं सुधारतो ती गोळी जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर पडत नाही. ट्रामाडॉलही २०१८ पासून त्याच कायद्यात आहे, कागदावर.

मोबाइलवर डॉक्टर बघून औषध द्यायची सोय झाली, मग तसं का नको, असं तुमच्या गावचा एखादा शिकलेला पोरगा नक्की विचारेल. टेलिमेडिसिनची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं अमली पदार्थ कायद्यातली औषधं फोनवरून लिहू देत नाहीत. समुपदेशन होतं, घरच्यांशी बोलणं होतं, झोपेची-भुकेची चौकशी होते. पण गोळी लिहायला समोर बसलेला डॉक्टरच लागतो. सगळं गाडं इथं येऊन अडतं आणि इथूनच सुटूही शकतं. कारण समोर बसलेला डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञच असला पाहिजे असं नाही. ग्रामीण रुग्णालयातला एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी प्रशिक्षण घेऊन हे काम करू शकतो. अडलं तर तो मला फोन करेल, चिठ्ठी तो लिहील. मी अशा तिघांबरोबर काम केलंय. पहिले दोन महिने ते दिवसाला चार फोन करायचे. सहा महिन्यांनी एकानं मला एका पेशंटबद्दल असं काही सांगितलं जे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तर मागायचं काय? ग्रामसभेचा ठराव करा आणि जिल्हा शल्य चिकित्सकांना लिहा की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्यसनोपचाराची बाह्यरुग्ण सोय सुरू करावी, तिथल्या डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्मात्याला प्रशिक्षण द्यावं, ब्युप्रेनॉर्फिनचा साठा आणि त्याची स्वतंत्र नोंदवही ठेवावी, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकानं महिन्यातून ठरलेल्या वारी तिथं यावं. पहिला डोस आणि पहिले दहा-पंधरा दिवस नागपुरात, त्यानंतरचं वर्ष भिवापुरात. एवढंच. वार ठरवताना मात्र आठवडी बाजाराचा ठरवा. बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलेल्या माणसाला 'कुठं गेला होता' असं कुणी विचारत नाही. ओपीडीच्या दारावर 'व्यसनमुक्ती' अशी पाटी नको. मी एका ठिकाणी ती काढायला लावली तेव्हा तिथल्या शिपायालाच सगळ्यांत जास्त आनंद झाला, त्याचा भाऊ येत नव्हता पाटीमुळे.

गोळ्या घरी दिल्या तर विकतील, ही भीती खरी आहे. त्यावर क्षयरोगाच्या डॉट्ससारखी पद्धत चालते आणि ती तुमच्या आशाताईंना तोंडपाठ आहे. सुरुवातीला गोळी चुरून समोर द्यायची. घडी बसली की तीन दिवसांच्या, मग आठवड्याच्या गोळ्या घरच्या एका माणसाच्या हातात. नवऱ्याच्या गोळ्या बायकोकडे देऊ नका. मार तिलाच बसतो, हे मी फार उशिरा शिकलो. आई किंवा मोठा भाऊ बरा. शिवाय घरी द्यायच्या गोळीत नालोक्सोन मिसळलेलं मिळतं. जिभेखाली ठेवली तर ते जवळजवळ काहीच करत नाही, पण पाण्यात विरघळवून सुईनं टोचली तर तडफड सुरू होते. त्यामुळे सुईवाल्या गिऱ्हाइकाला ती नकोशी वाटते.

सुईवाल्या दोघा-तिघांची मला जास्त काळजी आहे. पेंटाझोसिन रोज टोचलं की मांडीचं मांस लाकडासारखं कडक होतं, जखमा होतात, त्या भरत नाहीत. त्यांना नागपूरला आणाल तेव्हा एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस सीची तपासणी नक्की करून घ्या. हिपॅटायटिस सीवर गोळ्यांचा उपचार आहे आणि २०१८ पासूनच्या सरकारी कार्यक्रमात तो फुकट मिळतो.

दुकानदारांचं काय, असं तुमच्या मनात आलंच असेल. ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, कोडीन ही शेड्यूल एच-१ ची औषधं. चिठ्ठी पाहून, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहूनच ती विकायची, वही तीन वर्षं सांभाळायची. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे होते. पण ताई, क्रम चुकवू नका. आधी उपचार सुरू होऊ द्या, मग दुकानावर जा. आधी दुकान बंद पाडलं तर तडफडणारा पोरगा शुद्धीवर येत नाही, तो उमरेडला जातो, नाहीतर गर्दकडे वळतो. नुसत्या बंदीनं काय होतं आणि काय होत नाही, हे भिवापूरकरांना मी काय सांगू, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती.

पोलिसांची भीतीही घालवा. स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला आलेल्या व्यसनी माणसाला, प्रकरण सेवनाचं किंवा अल्प प्रमाणाचं असेल तर, अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. विकणाऱ्याला ते नाही, आणि उपचार अर्धवट सोडला तर ते जातंही. ठाण्यातल्या साहेबांना हे कलम माहीत असतंच असं नाही. कागदाची एक प्रत जवळ ठेवा.

आणि तरीही कुणी केंद्रात ठेवायचंच म्हणालं, तर दोन गोष्टी बघा: केंद्र मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदलेलं आहे का, आणि तिथं एमबीबीएस किंवा मानसोपचाराचा डॉक्टर खरोखर येतो का. साखळीनं बांधणं २०१७ च्या कायद्यानं पूर्ण बंद आहे. 'थोडं बांधावं लागते जी' असं कुणी म्हणालं तर पोराला घेऊन परत निघा.

ठराव, प्रशिक्षण, साठा याला महिने लागतील. मधल्या काळात केंद्रातून परतलेल्या त्या दोघांपैकी जो आधी तयार होईल त्याला घेऊन या. निघण्याआधी १४४१६ या टेलि-मानसच्या (मानसिक आरोग्याच्या) किंवा १४४४६ या व्यसनाच्या हेल्पलाइनवर फोन करून सरकारी व्यसनोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून घ्या. आदल्या रात्री जेवणानंतर दुखण्याची गोळी घेऊ देऊ नका, सकाळी चहा-पोळी खाऊन पहिल्या एसटीनं निघा. पण तो झोपेच्या गोळ्या किंवा दारूही रोज घेत असेल तर त्या अचानक बंद करू नका, तसंच आणा आणि डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा. रिकामी पाकिटं फेकू नका, पिशवीत घालून आणा. वाटेत उमरेडच्या आसपास त्याला जांभया सुरू होतील, घाम येईल, तो उतरतो म्हणेल. खिडकीच्या आतल्या बाजूला बसवा आणि त्याच्या शेजारी असा कुणीतरी बसू द्या, ज्याच्याशी त्याचं भांडण झालेलं नाही.